पाठीवरच्या रिपीटरची आणि लटक्या पाच-नऊची हकिकत

॥ श्रीलहरी समर्थ ॥

जी डोळ्यांस दिसत नाही, भिंतीस अडत नाही, डोंगरास मात्र अडते, त्या लहरीस आधी नमन. मग ऐकणारास नमन. बोलणारास नमन शेवटी, कारण बोलणारे बहुत आणि ऐकणारे थोडे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमी, ते दिवसापासोन पुढील वर्षाच्या श्रावणापर्यंत जे वर्तले ते जैसे वर्तले तैसे लिहिले असे.

राज्याचे नाव पुसू नये. त्या राज्यास तट नाही, वेस नाही, शेतसारा नाही. प्रजा अवघी चाळीस, आणि प्रत्येकाचे घरी एक रेडिओ, छपरावर एक एरियल आणि सरकारची परीक्षा देऊन मिळविलेले एक सांकेतिक नाव. हे लोक हौशी म्हणवीत, आणि हौस अशी की खिशात मोबाईल असता शेजारच्या गल्लीतील गृहस्थास रेडिओवरून हाक मारून चहा झाला काय हे पुसावे, आणि त्याने झाला म्हणावे, आणि मग उभयतांनी धन्य व्हावे. या राज्याचा एक रिवाज होता. हाक आली म्हणजे उत्तरात समोरच्यास त्याचा आवाज कैसा पोहोचतो ते दोन आकड्यांत सांगावे. पहिला आकडा बोल किती कळला त्याचा, पाचांपैकी. दुसरा आवाजाचे जोराचा, नवांपैकी. पाच-नऊ म्हणजे मांडीला मांडी लावून बोलल्यासारखे. आरंभी हे आकडे खरे असत. मग लग्नघरी जेवण कैसे झाले हे पुसता कोणी मीठ कमी म्हणत नाही, तैसे होत होत कोणी कोणास पाच-नऊखाली देईनासा झाला, आणि जो देई तो उद्धट ठरला. राज्याचे सरनौबत आबासाहेब शिरगावकर, वय चौऱ्याहत्तर, मिशा पांढऱ्या, जीभ गोड, त्यांनी तर हयातीत कोणास कमी दिले नव्हते. एकदा समोरच्याची वीज गेली आणि रेडिओ मुका झाला, तरी आबासाहेबांनी रिकाम्या हवेस पाच-नऊ दिले आणि वर त्र्याहत्तर म्हटले. त्र्याहत्तर म्हणजे या लोकांत रामराम.

त्या राज्यात मंदाकिनीबाई कारखानीस म्हणून एक होत्या. तीस वर्षे एसटीच्या आगारात गाड्यांच्या वायरिंगचे काम करून घरी बसल्या होत्या, आणि घरी बसणे जमेना म्हणून रेडिओ उघडून त्याची आतडी टेबलावर मांडीत असत. बाई बोलावयास थोड्या. त्यांचे कानात एक शब्द सहा महिने अडकला होता. मागील श्रावणात, भर दुपारी, पाऊस पडत असता, त्यांच्या रेडिओवर म्हसोबाच्या दांड्यापलीकडून कोणी हाक मारली. दांडा म्हणजे ही प्रजा राहते त्या कसब्याच्या पूर्वेचा तो उंच लांब डोंगर, आणि त्याच्या पलीकडे धनगरांच्या आठ वाड्या, जेथे मोबाईल चालत नाही आणि ओढा चढला म्हणजे वाटही चालत नाही. आवाज आला तो ऐसा आला: «…बाई… …पोट… …कोणी हाय का…» आणि मग खरखर. मंदाकिनीबाई दीड तास माइक हाती धरून हाका मारीत होत्या. उत्तर आले नाही. पुढे चार दिवसांनी कळले की ठकू येडगे नावाची बाई अडली होती, तिला डोलीत घालून दांडा ओलांडण्यास चौदा तास लागले, बाई वाचली आणि मूल वाचले नाही. त्या दिवसापासून बाईंस कोणी पाच-नऊ म्हटले की त्या खिडकीबाहेर पाहत.

माघात सुभेदारांची चिठ्ठी आली. सुभेदार म्हणजे तालुक्याचे साहेब. आता त्या हुद्द्यास दुसरे नाव आहे, परंतु कारभार तोच. चिठ्ठीत मजकूर ऐसा की, पावसाळ्यापूर्वी आपत्तीचा आराखडा करणे आहे, हौशी मंडळींनी दांड्यापलीकडील आठ वाड्यांचा आवाज कसब्यास आणून दाखवावा, वैशाख वद्य एकादशीस परीक्षा होईल, आला तर तुमचे यंत्र आराखड्यात घेऊ आणि पायथ्याशी जीप उभी ठेवू, न आला तर आराखडा तुमच्यावाचून होईल. चिठ्ठी वाचून आबासाहेबांस हर्ष जाहला आणि ते म्हणाले, «आपल्या गच्चीवरचा रिपीटर दांड्यावर चढवू. झालं!» येथे रिपीटर म्हणजे काय ते सांगणे प्राप्त. रिपीटर हा डोंगरमाथ्यावर बसलेला निरोप्या. त्याने एका कानाने या बाजूचे ऐकावे आणि त्याच क्षणी तेच बोल मोठ्याने त्या बाजूस ओरडावे, म्हणजे ज्यांस एकमेक दिसत नाहीत तेही बोलू शकतात. परंतु गच्चीवरचा निरोप्या कपाटाएवढा होता आणि त्यास हलविण्यास चार माणसे लागत. मंदाकिनीबाई म्हणाल्या, «आबासाहेब, पावसात, निसरड्या वाटेनं, एकट्या माणसाला जे पाठीवर नेता येत नाही ते यंत्र नव्हे. ते कपाट.» आबासाहेब म्हणाले, «मग करा तुम्ही पाठीवरचं.» थट्टेने म्हणाले. बाईंनी खरे धरले.

मग बाईंनी काम आरंभिले. आणि पहिल्याच आठवड्यात त्यांस निरोप्याचा मूळ स्वभाव कळून आला तो ऐसा, की जो ओरडतो त्यास ऐकू येत नाही. कान आणि तोंड एकाच पेटीत, आणि वर एरियल एक, आणि तोंड उघडले की स्वतःच्याच आवाजाने कान बधिर. त्यावर उपाय म्हणून मध्ये एक चाळणी बसवावी लागते, की जिने तोंडाचा आवाज कानाकडे जाऊ देऊ नये आणि दुरून आलेली बारीक हाक तेवढी जाऊ द्यावी. ही चाळणी तांब्याच्या जाड नळ्यांची असते, प्रत्येक नळीस एक स्क्रू, आणि तो स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे झाला की सगळे बिघडले. बाजारची चाळणी जड, आणि मागवून येण्यास तीन महिने. तेव्हा बाई दाऊदभाई मुकादमांकडे गेल्या. दाऊदभाई फ्रीज आणि एसी दुरुस्त करणारे, तांब्याच्या नळीस डाग देण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, रेडिओचे मात्र त्यांस काडीचे ज्ञान नव्हते. त्यांनी चित्र पाहिले आणि विचारले, «बाई, यातून गॅस कुठला फिरवायचा?» बाई म्हणाल्या, «काहीच नाही. नळी रिकामी.» दाऊदभाई म्हणाले, «रिकाम्या नळ्या? आणि दोन्ही तोंडं बंद? बाई, तुम्ही गिऱ्हाईक म्हणून आलात की वेड्यांच्या दवाखान्यातलं इंजेक्शन चुकवून आलात?» बाई हसल्या आणि स्टूल ओढून बसल्या, आणि दुपारभर त्यांस समजाविले, आणि दाऊदभाई काही समजले नाहीत, परंतु सहा नळ्या ऐशा केल्या की डाग कोठे दिला ते बोटास लागू नये.

(समासात, दाऊदभाईंच्या हातचे: समजलो होतो. उगाच विचारत होतो, बाई किती वेळ समजावतात ते बघायला.)

मग फाल्गुनात पेटी सिद्ध झाली. वजनाचा तपशील ऐसा: रेडिओ दोन, साडेतीन किलो, चाळणी, चार किलो, बॅटरी, अकरा किलो, तीन तुकड्यांची काठी आणि एरियल, तीन किलो, पेटी, पट्टे, तारा, दीड किलो, एकूण तेवीस. बॅटरी जड जाहली, कारण आबासाहेबांनी आपल्या संग्रहातील पंचवीस वॅटचा रेडिओ तोंड म्हणून दिला होता आणि वर बजाविले होते, «आवाज बुलंद पाहिजे, मंदाताई! दांड्यावरून बोललं तर पाच तालुके उठून बसले पाहिजेत.» आणि बाईंनी मोठ्या माणसाचा मान राखला, आणि तेवीस किलो दोन पाठींवर वाटले, एक पाठ त्यांची आणि एक दाऊदभाईंची. अंगणात पेटी लावून पाहिली तो कसब्यातील चाळीसही घरे लख्ख आली. कसब्यातील घरे जवळ, त्यांची हाक मोठी, बधिर कानासही ऐकू जावी ऐशी. हे त्या दिवशी कोणाचे लक्षात आले नाही.

मग वर्ष पालटले. नव्या संवत्सराचे नाव पराभव. आबासाहेबांनी पंचांग मिटून ठेविले आणि म्हणाले, «नाव वाईट ठेवलं की मूल जगतं.» चैत्र वद्य षष्ठीस रंगीत तालीम ठरली. मंदाकिनीबाई आणि दाऊदभाई पाठीवर ओझे घेऊन पहाटे निघाले आणि दहास दांड्यावर पोहोचले, आणि कातळ ऐसा तापला होता की चप्पल काढता येईना, आणि वारा ऐसा की काठी सोडता येईना. दाऊदभाई काठीचे दोर बांधू लागले आणि बाई काठीस मिठी मारून उभ्या राहिल्या. खाली कसब्यात आबासाहेब माइकपाशी वही घेऊन बसले. पलीकडील वाड्यांत हाक मारण्यास एकच माणूस होते, तानूबाई झोरे, अंगणवाडीच्या सेविका, ज्यांनी गेल्याच वर्षी परीक्षा देऊन परवाना मिळविला होता. त्यांनी लहान हातरेडिओ घेऊन वाडीवाडीत फिरून बोलावे ऐसा ठराव. तीन तास तालीम चालली. वहीतील पान ते ऐसे:

जोशीगुरुजी, कसबा. पाच-नऊ. त्र्याहत्तर.
पोस्टाजवळचे वैद्य. पाच-नऊ. त्र्याहत्तर.
बंदरावरचे नाखवा. पाच-नऊ. बहुत सुंदर. त्र्याहत्तर.
तानूबाई, पलीकडून. पाच-नऊ. त्र्याहत्तर.
तानूबाई, पलीकडून, पुन्हा. पाच-नऊ. त्र्याहत्तर.
(येथे पानावर चहाचा डाग आहे.)
तानूबाई, पुन्हा. पाच-नऊ. फारच उत्साही बाई. त्र्याहत्तर.

बाई संध्याकाळी उतरून आल्या आणि ती वही पाहिली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी खिडकीबाहेर पाहिले नाही. वाऱ्यात काठी धरण्याच्या धांदलीत त्यांनी वर काही ऐकले नव्हते. त्या दिवशी त्यांनी कानांनी ऐकावयाचे ते वहीने ऐकले, आणि तीस वर्षे ज्यांनी ड्रायव्हरच्या शब्दावर कधी गाडी सोडली नाही, बॉनेट उघडून हात घालूनच सोडली, त्यांस हे कैसे सुचले हे त्यांचे त्यांस पुढे नवल वाटले.

दुसरे दिवशी सकाळी आबासाहेबांच्या पडवीत पेढे वाटले. मंडळी जमली, आबासाहेब परीक्षेच्या दिवशी करावयाचे भाषण वाचून दाखवू लागले, इतक्यात फाटकातून एक बाई आत आल्या. धुळीने पाय पिंढरीपर्यंत तांबडे, डोईस पदर घट्ट, हाती रेडिओ. पहाटे निघून दांडा चालत ओलांडून आल्या होत्या. त्या तानूबाई. आबासाहेब उठोन उभे राहिले. «या या, तानूबाई! पेढा घ्या.»

«पेढा ऱ्हाऊ द्या. आबा, काल मला किती दिलंत?»

«पाच-नऊ! अगदी इथं बसून बोलल्यासारखा आवाज.»

«तीन येळा दिलंत.»

«तिन्ही वेळा पाच-नऊ.»

«मंग सांगा, मी काय बोलले?»

पडवीत कोणाचा पेढा हातात होता तो हातात राहिला, कोणाचा तोंडात होता तो तोंडात राहिला. आबासाहेब म्हणाले, «म्हणजे… हवापाणी… आपलं नेहमीचं…» तानूबाई म्हणाल्या, «हवा नाय आन् पाणी नाय. मी म्हनले, ठकू येडगेला पुन्हा दिवस गेल्यात. पाचवा लागलाय. श्रावणात बाळंतपनाला बसंल. मागच्या वक्ताला जे झालं ते झालं, औंदा तिचं नाव आधी लिहून घ्या, म्हनले. तीनदा म्हनले, आबा. आन् तीनदा तुम्ही मला त्र्याहत्तर म्हनालात.» मग आबासाहेब खाली बसले. त्यांनी वही उघडली आणि मिटली. म्हणाले, «तुटक येत होतं, बाई. शब्द कळत नव्हते. पण तुम्ही नवीन. पहिल्याच दिवशी कमी दिलं तर हिरमोड होईल म्हणून…» तानूबाई म्हणाल्या, «आबा, ठकूचा काय हिरमोड व्हायचा ऱ्हायलाय?»

तो आवाज ऐकून मंदाकिनीबाई उठल्या. पुढे होऊन त्यांनी हळू विचारले, «तानूबाई, मागच्या श्रावणात दुपारी हाक मारली होती, ‘कोणी हाय का’, ती तुम्ही?» तानूबाई म्हणाल्या, «मीच. तुम्हांला आली होती?» बाई म्हणाल्या, «आली होती. मी दीड तास उत्तर देत होते.» तानूबाईंनी त्यांचेकडे पाहिले. म्हणाल्या, «मला वाटलं व्हतं पलीकडं कोणच नाय.» आणि मग पेढा घेतला.

येथून पुढे परीक्षेस चौतीस दिवस. मंदाकिनीबाईंनी त्याच दुपारी पेटी उघडली आणि आगारातील रीतीने हात घालून पाहिली, आणि दोन दोष सापडले. पहिला, की वाटेच्या हिसक्यांनी चाळणीचे स्क्रू फिरले होते. बाईंनी कपाळावर हात मारिला. «तीस वर्षं गाड्यांच्या नटाला वर दुसरा नट आवळला मी. आणि स्वतःच्या पेटीला विसरले.» दुसरा दोष, की चाळणी अंगणात थंड सकाळी जुळविली होती आणि कातळावर तांबे तापून फुगले, आणि फुगले की बिघडले. यावर बाई दोन दिवस विचार करीत बसल्या. तिसरे दिवशी दाऊदभाई आले, आणि टेबलावरील नळ्या पाहून म्हणाले, «ही तापते म्हणून रडताय? बाई, थंडी आत ठेवायला आम्ही नळीला काळा स्पंज घालतो. ऊन बाहेर ठेवायला तोच घालतो.» आणि पिशवीतून स्पंजाची नळी काढून, चिरून, सहाही नळ्यांस अंगरखा घातला, आणि वरून पांढरी पट्टी गुंडाळली. बाई म्हणाल्या, «दाऊदभाई, तुम्हांला काडीचं ज्ञान नाही म्हणत होते मी.» ते म्हणाले, «ते खरंच आहे. हे ज्ञान नाही, हे गिऱ्हाईक आहे. रोज शिव्या देतं, रोज शिकवतं.»

मग रोज सकाळी एक खेप दांड्यावर. आणि पलीकडून तानूबाई, ज्यांनी आधीच विचारून घेतले होते, «खरं सांगनार मी. चालंल?» आणि बाईंनी उत्तर दिले होते, «पाच-नऊ दिलंत तर तुमच्याशी बोलणार नाही.» तानूबाई एका हातरेडिओत बोलत आणि पेटीतून परतलेला आपलाच आवाज दुसऱ्यात ऐकून आकडा देत, आणि ते आकडे बाईंनी वेगळ्या वहीत लिहिले: एक-एक. दोन-दोन. दोन-तीन. पुन्हा एक-एक, «आज तुमच्या त्या डब्ब्याला काय झालंय, रुसलाय का?» मग दोन-चार. आणि तेथे गाडे अडले ते आठ दिवस हलेना. नट आवळले, स्पंज घातला, काठी उंच केली, तरी वाड्यांची बारीक हाक तुटकच येई. तेव्हा एके दिवशी दांड्यावर बसून, भाकरी सोडता सोडता, बाईंस उमगले की चाळणी कितीही चांगली केली तरी पंचवीस वॅटचे ओरडणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि उपाय चाळणीत नाही, तोंडात आहे. त्यांनी ओरडणे पाच वॅटवर आणिले. आणि विचारले. मग तानूबाई: «आता बरं वाटतंय. तीन-पाच. काय केलंत?» बाई म्हणाल्या, «काही नाही. त्याला हळू बोलायला शिकवलं.» आणि ओरडणे कमी तर बॅटरी लहान, म्हणोन अकरा किलोंची बॅटरी गेली आणि अडीच किलोंची आली, आणि पंचवीस वॅटचा रेडिओ जाऊन लहान आला, आणि काठीचे लोखंड जाऊन बांबू आला, आणि तेविसाचे बारा किलो जाहले, आणि एक पाठ मोकळी जाहली.

हे आबासाहेबांस सांगणे कठीण. रेडिओ त्यांनी दिलेला. बाई तो परत घेऊन गेल्या तेव्हा आबासाहेब म्हणाले, «पाच वॅट? सुभेदारांपुढे कुजबुजणार का आपण? लोक म्हणतील, यांच्या राज्यात जीव नाही.» बाई म्हणाल्या, «आबासाहेब, पंचवीस वॅटमध्ये आपला आवाज पाच तालुक्यांना जातो. पाच वॅटमध्ये ठकूचा आपल्याला येतो. तुम्ही सांगाल ते करते.» आबासाहेबांनी मिशांवरून हात फिरविला. मग म्हणाले, «माझी थोरली सून म्हणते, मी फोनवर असलो की घरात आग लागली तरी मला कळणार नाही.» आणि रेडिओ कपाटात ठेविला. बाई निघता निघता म्हणाल्या, «आणि एक. परीक्षेत आकडे नकोत. प्रत्येक वाडीला साहेबांनी बंद चिठ्ठी द्यावी, चिठ्ठीतले शब्द वाडीनं बोलावे, तुम्ही ऐकू आले ते लिहावे, आणि ताडून पाहावे.» आबासाहेब म्हणाले, «हे तानूबाईंनी शिकवलं.» बाई म्हणाल्या, «हो.»

वैशाख वद्य एकादशी. मंदाकिनीबाई एकट्या, बारा किलो पाठीवर घेऊन, वाटेत चार ठिकाणी बसत, दांड्यावर गेल्या. वय एकसष्ट. दाऊदभाई मागे रिकाम्या हातांनी चालत होते, आणि चुकूनही हात लावावयाचा नाही ऐशी त्यांस ताकीद होती, कारण पाठीवरचे यंत्र एका पाठीने जाते की नाही हेही परीक्षेतच होते.

(समासात, दाऊदभाई: चारदा नाही, सहादा बसल्या. पण मी मोजत नव्हतो.)

कसब्यातील आठ हौशी आदले दिवशीच एकेक हातरेडिओ घेऊन वाडीवाडीत जाऊन बसले होते, की वाडीच्या माणसापुढे तो धरावा. खाली कसब्यात मांडव. सुभेदार आले, तरुण गृहस्थ, सभ्य, घड्याळाकडे पाहणारे. आबासाहेबांनी भाषण केले नाही. वही उघडली आणि टोपण काढले. एका वाडीचा आवाज आला, वारा होता, पण शब्द आले, «सात कोंबड्या आणि डॉक्टर.» सुभेदारांनी आपल्याजवळची नक्कल पाहिली आणि मान हलविली. दुसरी आली, तिसरी आली. चौथीने चिठ्ठी वाचण्यापूर्वी सुभेदारांस नळाचे पाणी कधी येणार हे विचारून घेतले, आणि मांडव हसला, आणि सुभेदारांनी ते लिहून घेतले. ऐशा सात आल्या. मग आठवीची वेळ. आठवी वाडी दांड्याच्या अगदी कुशीत, कड्याच्या सावलीत. खरखर आली. खरखरीत कोणी असल्यासारखे वाटले. पुन्हा खरखर. पुन्हा. वर दांड्यावर मंदाकिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. खाली मांडवात सर्व मंडळी आबासाहेबांकडे पाहू लागली, आणि जोशीगुरुजी कानाशी लागून म्हणाले, «आबा, आठातली सात म्हणजे आलीच की. सांभाळून घ्या.» आबासाहेबांचा हात वहीवर थांबला. चौऱ्याहत्तर वर्षांची सवय त्या हातात होती. मग त्यांनी लिहिले, आणि लिहिले ते मोठ्याने वाचले: «आठवी वाडी. ऐकू आले नाही. शून्य.»

सुभेदारांनी घड्याळावरून नजर काढली. म्हणाले, «शून्य?» आबासाहेब म्हणाले, «शून्य, साहेब. कमी नाही आणि जास्त नाही.» सुभेदार म्हणाले, «आठ महिने मी अहवाल वाचतोय. त्यांत शून्य आज पहिल्यांदा पाहिलं.» आणि हसले नाहीत. इतक्यात रेडिओ बोलला. तानूबाई. «आठवी तुम्हांला येत नाय, मला येती. मी मधल्या टेकाडावर हाय. तिची चिठ्ठी सांगते, घ्या लिहून: तेरा हंडे, एक शिडी.» सुभेदारांनी नक्कल पाहिली. तेरा हंडे, एक शिडी. त्यांनी विचारले, «पावसाळ्यात या टेकाडावर कोण असेल?» रेडिओवरून उत्तर आले, «मीच. आन् मी नसले तर माझी जाऊ. तिला परीक्षेला बसवलंय.» मग सुभेदारांनी आराखड्याच्या कागदावर आपले हाताने लिहिले, आणि जीप मंजूर केली, आणि जाण्यापूर्वी आबासाहेबांस म्हणाले, «आज सात घेतो. आठवी तिकडून सांगतील तशी. पण जी वही शून्य लिहिते, ती वही मी मध्यरात्रीही मानीन.» मग तानूबाईंनी विचारले, «मंदाताई, ऐकताय ना? तुमच्या डब्ब्याला आज चार-सात. वारा हाय, एरियल हलतंय, दोर आवळा.» बाईंनी दोर आवळला. त्या दिवशी चार-सात ऐकून एका बाईस एवढा आनंद व्हावा हे त्या राज्यात पूर्वी घडले नव्हते.

(येथे पान भिजून शाई पसरली आहे. ज्येष्ठ अधिक होता, पाऊस दोन्ही ज्येष्ठांत पडला.)

मग श्रावण. वद्य तृतीया, सकाळचे अकरा. पाऊस ऐसा की दांडा दिसेना. पेटी दांड्यावर म्हसोबाच्या लहान देवळीत बसलेली, बाहेर बांबू, अंगात काळा स्पंज. मंदाकिनीबाईंच्या रेडिओवर आवाज आला. तुटका होता. परंतु तुटक्यातही शब्द होते. «ठकू बसली. वाट खालच्या अंगानं फुटली हाय, वरच्या वाटेनं आणतोय. जीप देवळीखालच्या वळणाला पाठवा, पायथ्याला नको.» बाईंनी वही उघडली. ठकू येडगेचे नाव चैत्रापासून पहिल्या पानावर होते. जीप देवळीखालच्या वळणास गेली. आबासाहेब, जे आपल्या घरी ऐकत होते, ते मध्ये बोलले नाहीत. सर्व निरोप संपेपर्यंत बोलले नाहीत. शेवटी तानूबाईंनीच दम खात विचारले, «माझा आवाज किती येतोय?» आबासाहेब म्हणाले, «तीन-तीन, तानूबाई. पण शब्द सगळे आले. बोलत राहा.»

डोली ते जीप अडीच तास, जीप ते दवाखाना पाऊण तास. संध्याकाळी दिवेलागणीस मुलगी झाली. बाळ आणि बाळंतीण सुखरूप. दवाखान्याच्या पायरीवरून तानूबाईंनी हातरेडिओ उंच धरला, आणि बाळ रडले, आणि ते रडणे कसब्यातील चाळीस घरांत एकदमच आले. आकडा कोणी दिला नाही. मग आबासाहेब सावकाश म्हणाले, «त्र्याहत्तर, बाळ.»

समाप्ती. पेटी बारा किलो. आठव्या वाडीकरिता दुसरी, नऊ किलोंची, बाईंच्या टेबलावर आहे, आणि दाऊदभाई म्हणतात साडेआठ होईल. राज्यात पाच-नऊ अद्याप दिले जाते, परंतु देणाऱ्यास विचारतात, मी काय बोललो ते सांग. पराभव संवत्सरात या राज्याचा पराभव झाला नाही. ऐकणारांचे कल्याण असो. लेखनसीमा.